वाक्प्रचारांचे सोयरे

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत मुलांची शाळा बहुधा इंग्रजी, रस्ता तेलुगू आणि बाजार दखनी. मराठी उरते ती घराच्या उंबरठ्याआत. परीक्षा जवळ आली की याच घरांतून इंग्रजी वाक्प्रचारांचे पाठांतर ऐकू येते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ म्हणजे मुसळधार पाऊस, हे मुले बिनचूक सांगतात; मुसळ म्हणजे काय, हे मात्र आजीला विचारावे लागते.

अर्थ पाठ करता येतो, पण त्यामागचे चित्र ओळखीचे असल्याखेरीज वाक्प्रचार जिभेवर रुळत नाही. आगगाडीच्या गार्डाच्या हातातील दिवा आपण पाहिला होता, म्हणून ‘हिरवा कंदील दाखवणे’ मराठीत सहज रुजले. ‘रेड टेप’ची लालफीत झाली, कारण कचेऱ्यांतील तांबडी बासने आपल्या चांगलीच परिचयाची. ‘व्हाइट एलिफंट’ची कथा निराळी. सयामचा राजा ज्याच्यावर रुष्ट होई त्याला पांढरा हत्ती देई आणि तो पोसता पोसता बिचारा कंगाल होई, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. तरीही पांढरा हत्ती आपण आपलासा केला.

ही देवघेव इंग्रजांच्याही आधीची आहे. ‘कंबर कसणे’ यातील कंबर फारसी, आणि ‘शपथ खाणे’ ही धाटणीही फारसीच.

इंग्रजीनेही आपल्या या गावाकडून उसने घेतले आहे. तिच्या कोशांत ‘गोलकोंडा’ म्हणजे अपार संपत्तीचे उगमस्थान. वस्तुतः गोवळकोंड्याच्या किल्ल्यात हिऱ्यांची खाण नव्हती. हिरे कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून येत आणि त्यांचा व्यापार येथे चाले. १६८७ साली औरंगजेबाने किल्ला जिंकला, कुतुबशाही संपली. शब्द मात्र सातासमुद्रांपलीकडे टिकून राहिला.

तेव्हा मुलांनी इंग्रजी वाक्प्रचार जरूर शिकावेत. आपण प्रत्येकाला घरचा सोयरा शोधून द्यावा. सांडलेल्या दुधावर रडू नये, हे शाळेने शिकविले, तर ‘गेली ती गंगा, राहिले ते तीर्थ’ हे आपण सांगावे. ‘ड्रॉप इन द ओशन’ आले, तर ‘दर्यामें खसखस’ आठवावी. ती मराठी माणसाच्याही तोंडची आहे आणि दखनी शेजाऱ्याच्याही. इंग्रजीची परीक्षा शाळा घेते. मराठीची कोणी घेत नाही, म्हणून तिचा अभ्यास रोजच्या जेवणाच्या पंगतीतच व्हायला हवा.