रोज सकाळी नव्याने

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. दोघा-तिघांनी विचारलेसुद्धा, "सर, ब्लॉग बंद केला की काय?" नाही हो, लॅपटॉपच रुसला होता!

झाले असे, की दिवाळीला नातू दारव्ह्याला आला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पुण्याला गेला. त्याच्या जुन्या पेन ड्राइव्हवर डेबियन 11 होते. बसच्या घाईत वाय-फाय तपासायचे राहून गेले. ते काही सुरू होईना. दुकानदार म्हणाला, कार्ड गेले, नवीन घ्या.

नातवाला फोन लावला. "आजोबा, कार्ड चांगलं आहे. त्याला फर्मवेअर मिळालं नाही. कर्नलला फाइलच सापडत नाहीये."

कर्नल म्हटल्यावर मला पलटणीतलाच आठवला! पण हा कर्नल म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा. नातवाने सांगितले ते असे. वाय-फाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, पण वीज गेली की त्याची स्मृती पुसली जाते. लॅपटॉप सुरू झाला, की ड्रायव्हर ठरावीक नावाची फाइल कर्नलकडे मागतो. कर्नल ती 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरातून काढून देतो, मग ती कार्डात भरली जाते आणि कार्ड कामाला लागते. हे दर वेळी नव्याने. या फाइलींचा मूळ कोड कंपन्या सहसा देत नाहीत, म्हणून डेबियनवाले त्या वेगळ्या ठेवत. 2022 मध्ये त्यांच्या सभासदांनी मतदान केले आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून त्या सोबतच येऊ लागल्या. माझा पेन ड्राइव्ह त्याआधीचा!

मोबाईल वायरने जोडून नेट घेतले, नातू सांगेल तसे टाइप केले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. वाय-फाय हजर!

त्या रात्री मात्र झोप लागली नाही. आमच्या नातेवाइकांना माहीत आहे, सौ.ला तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. रोज सकाळी ती विचारते, "हे कोणाचं घर? तुम्ही कोण?" मी सांगतो. पण कितीदा तरी मी चिडलोही आहे. "कालच सांगितलं ना!" छत्तीस वर्षे मास्तरकी केली, पाठ न केलेल्या पोरावर ओरडावे तसा तिच्यावर ओरडलो.

कार्डावर कोणी ओरडत नाही. त्याला साठवता येत नाही, म्हणून दुसऱ्याने जपून ठेवायचे आणि मागितले की द्यायचे, एवढेच.

कार्डाला एकदा दिले की लॅपटॉप बंद होईपर्यंत पुरते. हिचे दुपारीच पुसले जाते. मग चहा करतो आणि पुन्हा सांगतो. आज तीनदा सांगितले. चिडलो नाही. उद्याचे उद्या.

असो. हिला उठायची वेळ झाली.