अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या कागदाच्या नकलेखाली एक ओळ असते: ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. म्हणजे ही नक्कल मुळाशी जुळते. शब्द सगळे अरबी-फारसी, पण ही रचना मराठीची. उर्दू कागदावर त्याच जागी ‘नकल मुताबिक असल’ लिहितात. आम्ही तिघे गेली काही वर्षे ज्या कोशावर काम करतो आहोत, त्याची सगळी अडचण या एका ओळीत आहे. मूळ कुठले, नक्कल कुठली, आणि दोन्ही जुळतात हे कोण सांगणार?

कोश आहे निजामकाळातल्या जमिनीच्या कागदांतील शब्दांचा. आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि वरचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे ज्याच्या पेटीत आजोबांचा कागद निघतो तो उर्दू शिकवणाऱ्यांचा पत्ता विचारत येतो. “मॅडम, एवढं वाचून द्या की.” २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून तर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची आठवण सगळ्यांनाच होऊ लागली. एक शब्द चुकीचा वाचला गेला तर कुणाचा बांध सरकतो, कुणाचा वारस गळतो.

कोश आधीही आहेत. मोल्सवर्थचा आहे, पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. माधव जूलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश आहे. ते हाताशी असतातच. पण ‘मुंतखब’ हा शब्द घ्या. उर्दूत त्याचा अर्थ ‘निवडलेला’. हैदराबादच्या इनामाच्या कागदांत मात्र मुंतखब म्हणजे इनाम मंजूर झाल्याचा दस्तऐवज. हा दुसरा अर्थ माहीत नसला तर घरात मुंतखब असूनही माणूस म्हणतो, आमच्याकडे पुरावा नाही.

तिघांत मी उर्दू वाचते, सोलापूरचे एक सर इतिहास शिकवतात, आणि तुळजापूरचे एक निवृत्त काका मोडी वाचतात. सुरुवातीला फाइल व्हॉट्सॲपवरून फिरे. ‘कोश अंतिम’, ‘कोश अंतिम नवा’, ‘कोश अंतिम काका’. काकांचे टंकन श्रीलिपीतले, माझे उर्दू इनपेजमधले. दोन्ही युनिकोडमध्ये आणण्यातच एक उन्हाळा गेला. त्यानंतर सरांच्या संगणक शिकलेल्या मुलीने सुचवले, हे सगळे गिटवर ठेवा.

गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सचा कोड सांभाळण्यासाठी लिहिली. कोडसाठी केलेली गोष्ट कोशाला कशाला, असे काकांनी विचारले. मी त्यांना सातबाऱ्याचे उदाहरण दिले. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते, पण ती कशी झाली ते फेरफार नोंदवहीत असते. जुने नाव खोडत नाहीत, कंस करतात, आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. गिटमध्येही तसेच. आजचा मजकूर म्हणजे सातबारा, आणि प्रत्येक बदलाची नोंद, ज्याला कमिट म्हणतात, तो फेरफार. कुणी केला, कधी केला, का केला, सगळे त्यात. काका म्हणाले, “मग तलाठी कोण?” तलाठी कुणीच नाही, हीच तर गंमत. प्रत्येक नोंदीला गणिताने काढलेला एक लांब क्रमांक मिळतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा क्रमांक गुंतलेला असतो. मागची एक नोंद गुपचूप बदलली तर पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि लगेच कळते.

हदीसच्या अभ्यासात प्रत्येक कथनाआधी सनद असते: मी हे अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. साखळीतली एक कडी कच्ची असली तर कथनही कमजोर ठरते. मराठीत वकिलाला मिळते ती सनदही हाच शब्द. कमिटची यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती ओळखीची वाटली ती यामुळे.

आणि मराठवाड्याला तरी हे नवे वाटू नये. एकनाथांनी १५८४ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तिथे न स्वीकारलेले पाठही पानाच्या तळाशी जपून ठेवले आहेत. मला हे फार महत्त्वाचे वाटते. हरलेला पाठ फेकायचा नसतो.

आमच्याकडे असा प्रसंग लवकरच आला. कागदांवर फसली सन असतो आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी. वर्ष आजूरपासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून सुरू होते. एका दस्तावर फसली १३४० होते. सरांनी ५९० मिळवून १९३० लिहिले, काकांनी ५९१ मिळवून १९३१. दोघांनी आपापल्या घरी तीच ओळ बदलली होती. गिटने जोडायला नकार दिला. दोन्ही ओळी समोर मांडल्या आणि निवाडा आमच्यावर सोडला. व्हॉट्सॲपवर असते तर नंतर आलेली फाइल जिंकली असती. आम्ही कागदाचा फोटो पुन्हा उघडला. महिना खुर्दाद होता, म्हणजे एप्रिलच्या आसपासचा, म्हणून १९३१. आजूर असता तर सर बरोबर ठरले असते. आता कोशात नियमच आहे: महिना पाहिल्याशिवाय सन लिहायचा नाही.

प्रकाशनाची सोय याच्याच पुढची. मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत आहे, एका ओळीत एक वाक्य, म्हणजे बदल नेमका दिसतो. कुणी मंजूर बदल गिटहबवर चढवला की तिथला संगणक आपोआप कामाला लागतो. आधी तपासणी: प्रत्येक शब्दाला कागदाचा आधार लिहिला आहे का, उर्दूच्या ‘ये’ऐवजी सारखीच दिसणारी अरबी ‘ये’ घुसली नाही ना. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधताना शब्द सापडत नाही. तपासणीत नापास झाले तर काम तिथेच थांबते. पास झाले तर पॅनडॉक नावाचे साधन पीडीएफ आणि ईपब तयार करते. नस्तालीक अक्षर तिरके उतरते, त्याला देवनागरीपेक्षा जास्त उंची लागते, आणि ते उजवीकडून चालते. एका ओळीत दोन्ही लिप्या नीट बसवायला बरेच दिवस लागले. शेवटी आवृत्ती ठरली की तिची प्रत झेनोडोवर जाते आणि तिला कायमचा क्रमांक मिळतो. उद्या कुणी कोशाचा आधार घेतला तर नेमक्या कुठल्या आवृत्तीचा, हे सांगता येते. शिवाय पूर्ण इतिहास तिघांच्याही संगणकांत असतो. लाइट गेली, नेट गेले, तरी काम अडत नाही.

सगळ्यात अवघड बदल मात्र तंत्राचा नव्हता. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. मदत करणाऱ्या एका तरुणाने सगळ्या फाइलींत एका फटक्यात नाव बदलून प्रस्ताव पाठवला. हेतू चांगला होता. पण जोडण्याआधी पडद्यावर लाल-हिरव्या ओळी आल्या, आणि त्यांत निजामकाळातल्या कागदांचे उतारेही होते. सहीशिक्क्यासकट उस्मानाबाद लिहिलेला कागद आमच्या कोशात धाराशिव म्हणाला असता. तो कागद घेऊन माणूस कचेरीत गेला असता तर कोश आणि कागद जुळले नसते.

त्यावर आम्ही खूप बोललो. माझ्या बी.एड.च्या कागदांवर उस्मानाबाद आहे, माझ्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर धाराशिव असेल. मला काय वाटते हा प्रश्न वेगळा, आणि कोश ती जागा नव्हे. ठरले ते असे: आमच्या निवेदनात आजचे नाव, उताऱ्यात कागदावरचे नाव, आणि दोन्ही नावांची स्वतंत्र नोंद, एकीत दुसरीचा हवाला. मोमिनाबाद-अंबाजोगाईलाही हाच नियम. त्या तरुणाने स्वतःच प्रस्ताव सुधारून पाठवला. त्याचा पहिला प्रस्तावही इतिहासात तसाच आहे, खाली आमच्या चर्चेसकट. वीस वर्षांनी कुणी विचारले की या कोशात दोन नावे का, तर उत्तर शोधायला आमच्यापैकी कुणी जिवंत असण्याची गरज नाही.

तुमच्या घरी असा कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. उजेडात, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागच्या बाजूला बहुधा शेरा असतो, आणि अनेकदा खरी गोष्ट त्या शेऱ्यातच असते.