खलाशाचे ६१ दिवस

ऑगस्टपासून पेजवर घरच्यांनी पाठवलेले फोटोच टाकत होतो. शेवटची फेरी संपवून ३० मेला पोरबंदरहून सरावलीला आलो, आता पुन्हा बांधावरून लिहितोय.

बाहेरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. डहाणू-तलासरीची कितीतरी आदिवासी पोरं हंगामभर गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून असतात. पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओखा. घरी दीड-दोन एकर भात, तेही पावसावर. भाताने घरचं खाणं निघतं, पैसा दर्यातून येतो. १ जून ते ३१ जुलै, हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, म्हणून बंदी. आमच्यासाठी तीच शेतीची सुट्टी.

शेवटच्या फेरीचे शेवटचे चार दिवस वेगळेच असतात. बर्फ संपत आलेला, गोडं पाणी मोजून. वारा नैऋत्येचा धरलेला. दिवसा बरा वाटतो, रात्री बोट अशी डोलते की भांडं चुलीवर राहत नाही, मग भाकरी नाही, भात-कालवणावर भागवायचं. जाळं ओढताना हात तेच, पण बोलणं बदलतं. फेरीच्या सुरुवातीला गप्पा माशाच्या आणि भावाच्या. शेवटी कोणाचा राब भाजून झाला, कोणाचा बांध फुटलाय, बियाणं कुठलं आणलं. आम्ही सात जण होतो, त्यातले पाच भातवाले. तांडेल म्हणाला, "तुम्ही आत्ताच चिखलात उतरलात की रे!"

तांडेलाची नजर मात्र जीपीएसवरून हलत नाही. वर ओखा-जखौकडे मासा चांगला, पण पलीकडे पाकिस्तानची हद्द. पाण्यावर रेघ नसते. इंजिन बंद पडलं, प्रवाहाने ओढलं, की बोट कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून किनारा दिसला आणि फोनला रेंज आली की आधी सगळे घरी एकच वाक्य बोलतात, "आलो बंदरात." मग मासा उतरवायचा, जाळी धुवायची, बोट वर घ्यायची आणि शेठकडे हिशेब. उचल वजा जाऊन जे हातात पडतं, त्यातच खत, बियाणं, पोरांच्या वह्या.

आता शेतीचं गणित. बंदी ६१ दिवसांची, पण जाण्या-येण्याचे आणि बोटीच्या तयारीचे दिवस काढले तर हातात पन्नास-पंचावन्न उरतात. रोहिणी २५ मेला लागते, मृग ७-८ जूनला. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. १० जूनच्या आसपास रोपं टाकली तर २१ ते २५ दिवसांनी, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी. तसं झालं तर सगळं बसतं. पाऊस पंधरा दिवस लांबला की रोपं टाकायला २५ जून उजाडतो, लावणी १८-२० जुलैला, आणि तिकडून शेठचा फोन सुरू.

यावर मी तीन गोष्टी करतो. एक, राबाचे दोन भाग. अर्धं बी पहिल्या पावसावर, अर्धं आठ-दहा दिवसांनी. एक बॅच पाण्याअभावी गेली तरी दुसरी हातात राहते, आणि सगळी लावणी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही. दोन, वरकडच्या खाचरात कर्जत ३, कर्जत ७ असे हळवे वाण. साधारण ११५-१२० दिवसांत तयार. कापणीला मी नसतो, बायको आणि आई असतात. हळवं आणि गरवं वेगवेगळं पिकलं की त्यांच्यावर एकदम भार येत नाही. ६१ दिवसांत पेरणी आणि लावणी बसते, कापणी बसत नाही, हे धरूनच वाण निवडावा लागतो. तीन, बियाण्याला मिठाचं पाणी. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, बी ओतून ढवळायचं, वर तरंगेल ते पोचट काढायचं, खालचं दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. हे द्रावण ३ टक्क्यांचं, दर्याचं पाणी साधारण साडेतीन टक्क्यांचं. बायको म्हणते, येताना बाटली भरून आणायची ना!

पेरणी यंत्र, ड्रम सीडर, किंवा नेरळकडची बिनलावणीची सगुणा पद्धत, हे सगळं मजूर नसलेल्या घरांसाठी कामाचं आहे. कृषी सहायकांना विनंती, प्रात्यक्षिक जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवा. खलाशी घरी असतो तेव्हाच तो शिकेल. सप्टेंबरातल्या शिबिराला आमच्यातलं कोणी नसतं.

शेवटचं. खालच्या पाड्यातला एक पोरगा दोन वर्षांपूर्वी बोटीसकट पकडला गेला, अजून कराचीकडे तुरुंगात आहे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारही असतात. १ जुलै म्हणजे ऐन लावणी. त्याची आई चिखलात वाकलेली असते आणि फोन बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत. यंदा आम्ही परत आलेल्या नऊ खलाशांनी ठरवलंय, आपली लावणी सुरू करण्याआधी तिचं खाचर सावडीने लावायचं. रोपं आमच्या राबातली. बैल शेजाऱ्याचे. तिने फक्त भाकरी करायची, असं सांगितलं तर म्हणाली, "नऊ जणांची का, दहा जणांची करते."

उद्या सकाळी राबाला पहिली नांगरट.