देठावरून आडवा टाका

कुरडू. पावसाळ्यात ज्याची कोवळी पाने भाजीला खुडतात, तेच कुरडू आश्विन-कार्तिकात बांधाबांधावर गुलाबी-पांढरे तुरे घेऊन उभे राहते. वाळवून कापडावर टाचायला याच्याइतके सरळ फूल आमच्या झाडीपट्टीत दुसरे नाही. झाडावर असतानाच त्याच्या पाकळ्या कोरड्या, कुरकुरीत असतात, त्यामुळे वाळताना बिघडण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही. शेंड्याचा गुलाबी रंग हळूहळू रुपेरी होतो, एवढेच. फक्त बारीक काळ्या चकचकीत बिया कापडभर सांडतात. म्हणून टाचण्याआधी तुरा वर्तमानपत्रावर उलटा धरून टिचक्या मारायच्या आणि बिया पुन्हा बांधावर टाकून यायच्या.

*

फूल सुईने टोचायचे नाही. वाळलेल्या देठात सुई घातली की तो उभा चिरतो. सुई कापडातून वर येते, देठावरून आडवी जाते आणि पलीकडून खाली उतरते. भोक पडते ते कापडाला. दोरा किती ओढायचा हे मात्र कुणी सांगून कळत नाही, बोटांनाच कळावे लागते. आरमोरीकडच्या एका मावशी माझा हात बराच वेळ बघत होत्या. शेवटी राहवले नाही त्यांना. "काहून ओढून रायली एवढा दोरा? देठ कटते ना!"

*

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. सावलीत टांगलेली जुडी अशा हवेत बघता बघता वाळते, आणि उन्हात टांगली तर तितक्याच लवकर रंग घालवते. दुपारी भरतकाम करू नये, देठ कडकन मोडतात. पहाटे करावे. नाहीतर फुले तासभर ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवावीत. देठ जरा नमते घेतो, तेवढ्यात टाके घालून मोकळे व्हावे.

*

हे शिवणे वनस्पतिशास्त्रात फार जुने आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून आहे. तिथल्यासारख्या वनस्पतिसंग्रहांत दाबून वाळवलेली झाडे जाड कागदावर चिकटवतात, आणि जाड देठ, फांद्या सुई-दोऱ्याने शिवतात. तिथेही टाका देठावरूनच जातो. कोपऱ्यात चिठ्ठी असते: झाडाचे नाव, ठिकाण, तारीख, कुणी वेचले. भरतकाम करणाऱ्यांनी ही चिठ्ठी जरूर उचलावी. मी कापडाच्या मागच्या बाजूला कापडाचीच चिठ्ठी टाचते आणि तीवर गाव व महिना लिहिते. ज्या फुलाचे गाव माहीत नाही ते माझ्या कापडावर नको.

*

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहणाऱ्या ऑल्गा प्रिंकू या मूळच्या सर्बियाच्या. ताणून बसवलेल्या नेटवर त्या खरी वाळलेली फुले ओवतात. या कामावरचे त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये निघाले. नेटवर फूल अधांतरी दिसते, आणि सुंदरच दिसते. पण आमच्याकडे नेट कशाला? आमच्याकडे कोसा आहे.

*

कोसा म्हणजे टसर. महाराष्ट्रात तो गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा. आरमोरीच्या आसपासचे ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तो काढत आले आहेत. कोसा विणणाऱ्या अळ्या घरात सुपात पोसत नाहीत, रानातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच सोडतात. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या सगळे त्यांच्यावर टपलेले, म्हणून माणूस दिवसभर झाडाखाली राखण करतो. एका झाडाचा पाला संपला की अळ्या डहाळीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या.

कोश हातात घेऊन बघावा. अळी आधी डहाळीभोवती एक कडे विणते, त्या कड्यातून देठ खाली सोडते आणि मग त्या देठाला कोश लोंबतो. फळच जणू. देठ इतका चिवट की नखाने तुटत नाही. पतंग बाहेर पडलेल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही, तो कातावा लागतो. तसे रिकामे कोश मी मागून आणते आणि देठ-कड्यासकट कापडावर बसवते. कड्यातून सुई आपोआप जाते, वेगळा टाका शोधावा लागत नाही. ऐनाचा पाला खाऊन झालेला धागा, त्याच धाग्याचे कापड आणि त्यावर ऐनाचीच पाच पंखांची वाळकी फळे: यापेक्षा चांगली जुळणी मला अजून सापडलेली नाही.

*

कोसा कापडाला मागून अस्तर खादीचे. सावली या गावी १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी त्याला आले होते. या भागात चरख्याचे काम जुने आहे. इथली खादी जरा भरड असते, पण मागचे टाके ती पक्के धरते.

*

पळस. फाल्गुनात रान पेटल्यासारखे दिसते ते झाडावर. वाळवला की आठवड्यात मातकट. पळस टाचण्याचे फूल नाहीच, उकळण्याचे आहे. त्याच्या पिवळ्या-केशरी पाण्यात दोरा रंगवावा आणि त्या दोऱ्याने दुसरी फुले बांधावीत.

धायटी मात्र वाळूनही विटकरी लाल राहते. फूल नळीसारखे पोकळ, सुई आरपार जाते, मण्यांसारखी माळ ओवता येते. आसव-अरिष्टांत ती लागते, म्हणून गावात तिला गिऱ्हाईक असते. तेव्हा ती विकतच घ्यावी, फुकट मागू नये.

*

मोहाला हात लावायचा नाही. वाळून ते चिकट, तपकिरी होते आणि मुंग्या येतात, हे एक कारण. पण ते चिकट नसते तरी घेतले नसते. चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली बसतात, रात्रभर गळलेली फुले एकेक करून उचलतात. त्या टोपलीत घरचे खाणे आहे आणि बाजाराचा पैसा आहे. माझ्या भिंतीवरच्या चौकटीसाठी त्यातली मूठभरही कमी व्हायला नको.

*

कुसळी गवत हे स्वतःच शिवते. त्याचे कुसळ वाळले की पीळ खाते, ओल लागली की पीळ सोडते. अशी उलटसुलट फिरत त्याची टोकदार बी मातीत शिरते, तशीच धोतराच्या सोग्यात आणि लुगड्याच्या काठातही शिरते. कापडावर मुद्दाम चार कुसळे ठेवून वर ओले बोट फिरवले. डोळ्यांदेखत वळली. टोके कापल्याशिवाय हे गवत भरतकामात घेऊ नये, पावसाळ्यात बाकीचे काम उसवून ठेवील.

*

ताडोबातून काही आणायचे नाही, गळलेले पानसुद्धा. कायदाही तेच सांगतो. इतरत्र आधी ग्रामसभेला विचारायचे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तीत बांबू, तेंदूपान, मध, लाख यांच्यासोबत टसर आणि कोश यांचीही नावे आहेत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी. त्यामुळे "रानातले फूल कुणाचे" हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात मोघम राहिलेला नाही. आपली पिशवी उघडून दाखवावी, काय नेतो ते सांगावे. हरकत कुणी घेत नाही, उलट कुठला धावडा फळांनी भरलाय ते सांगतात. धावड्याची गोल बोंडे बारीक गाठीच्या टाक्यांमध्ये फार शोभतात.

*

जून ते सप्टेंबर चौकटी उतरवून पेटीत. कडुलिंबाचा वाळका पाला आणि वेखंडाचे तुकडे सोबत, नाहीतर कसर लागते. बुरशी त्याहून वाईट, एका चौकटीची दुसरीला जाते. ऊन पडेल त्या दिवशी पेटी सावलीत उघडी ठेवायची.

*

सागाची फळे बाकी आहेत. फळाभोवतीचा तो पातळ, फुगलेला पापुद्रा वजनाला काहीच नाही, पण दोरा जरा आवळला की चेपतो. तळाशी देठाचा जो खुंट असतो त्याला दोन फेरे देऊन बघते आहे. आलापल्लीकडून आणलेली ओंजळभर फळे शिल्लक आहेत, तोवर जमायला हवे.