गच्चीवरील बंब

लहानपणी परसातील तांब्याचा बंब पेटविण्याचे काम आमच्याकडे असे. एकही लाकूड वाया जाऊ नये, असा आईचा दंडक होता. पुढे तो बंब मोडीत गेला व न्हाणीघरात विजेचा गीझर आला. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर सौर बंब बसला. खरे सांगावयाचे तर, तो बसविण्यास सूर्यनारायणावरील भक्तीपेक्षा मालमत्ताकरातील सूटच अधिक कारणीभूत झाली.

नगरपालिका म्हटली की आपल्याला खड्डे व गटारे तेवढी आठवतात. परंतु ऊर्जेच्या बाबतीत या संस्थांनी काही कमी केलेले नाही. बार्सिलोना नगराने 2000 सालापासून असा नियम अमलात आणला की, मोठ्या नव्या इमारतींनी आपल्या गरम पाण्याच्या ऊर्जेपैकी 60 टक्के ऊर्जा सूर्यापासून घ्यावी. डेन्मार्कमधील साम्सो बेटाच्या समुद्रात 2003 साली दहा पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांतील पाच तेथील नगरपालिकेच्या मालकीच्या होत्या. पुणे महानगरपालिका सौर बंब बसविणारास करात सूट देते. 2024 साली तर सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरले. ही सारी माहिती आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असू.

आता आमच्या बंबाची हकीगत. तीन वर्षांपूर्वी क्षारांनी त्याच्या नळ्या तुंबल्या व दोन नळ्या फुटल्या. दुरुस्ती उद्यावर गेली, ती गेलीच. गीझर पुन्हा सुरू झाला. करातील सूट मात्र दरसाल चालूच राहिली, आणि आम्हीही ती मुकाट्याने घेत राहिलो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पालिकेचे एक तरुण कारकून तपासणीस आले. पाहतो तो आमचाच जुना विद्यार्थी! चहा झाला. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहत तो म्हणाला, "सर, वर जाऊन काय पाहावयाचे? सार्वजनिक अर्थकारण आपणच आम्हांस शिकविलेत. बंब चालू असणारच." आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता त्याने 'चालू' असा शेरा मारला. आम्ही गप्प राहिलो.

तो गेल्यावर आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले, "उद्या पाणी त्या शेऱ्यावर तापवावयाचे का?"

त्या रात्री आम्ही हिशोब मांडला. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते. तेवढ्यात दहा वॉटचा दिवा शंभर तास जळेल. घरातील दिवे मालवीत हिंडणारे आम्ही रोज सकाळी किती उधळीत होतो! आणि वर त्याबद्दल बक्षीसही घेत होतो. पालिका नियम करील, सूट देईल. पण प्रत्येकाच्या गच्चीवर चढून नळ्या कोण पाहणार? ती कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवणारच. आमच्या बाबतीत तर तिने आमच्या मौनावरही विश्वास ठेवला.

आठवड्याच्या आत नळ्या बदलून घेतल्या. मग पालिकेच्या कचेरीत जाऊन तीन वर्षांची सूट परत घ्यावी, असा अर्ज दिला. आमचा विद्यार्थी ओशाळला. "सर, बंब आता चालू आहे ना? मग मागचे कशाला उकरावयाचे?"

"अरे, तुझा शेरा खोटा राहतो ना!" आम्ही म्हणालो.

त्याने काही न बोलता अर्जावर शिक्का मारला. हिशोब होऊन मागणीपत्र अद्याप यावयाचे आहे. पाणी मात्र रोज सकाळी चांगले कढत येते.