स्टॅटिक आयपी

इंटरनेट कंपनीला दरमहा जादा पैसे देऊन मी स्वतःच्या घराची भिंत पाडून घेतली. तेव्हा ती भिंत आहे हे कळलं नव्हतं, मला ती अडचण वाटत होती. जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून मी घरच्या फोटोंसाठी सर्व्हर केला होता. घरात तो झकास चालायचा, पण बाहेरून उघडायचा नाही. कारण सीजीनॅट. आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात आणि प्रत्येकाच्या राउटरला आतला पत्ता देतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पत्त्यांची रांग २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवली गेली. अशा राउटरपर्यंत बाहेरचं कोणी आपणहून पोहोचू शकत नाही. मी कस्टमर केअरशी हुज्जत घालून स्टॅटिक आयपी मिळवला.

पुढे पोर्ट फॉरवर्डिंग जमेना. एक-एक पोर्ट उघडायचा, तपासायचा, पुन्हा बंद करायचा, याचा कंटाळा आला. राउटरच्या मेनूत ‘डीएमझेड’ नावाचा एक पर्याय दिसला. त्यात सर्व्हरचा पत्ता टाकला आणि सगळं एकदम सुरू झालं. होणारच होतं. बाहेरून येणारं जे काही दुसरीकडे जात नाही ते सगळं त्या एका मशीनकडे पाठवायचं, एवढाच त्या पर्यायाचा अर्थ आहे.

मी बँकांच्या शाखांचं ऑडिट करतो. कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी सापडली तर रिपोर्टात आक्षेप लिहिणारा माणूस. पण घरी मात्र, आपल्याकडे कोण कशाला येतंय, अशी समजूत. मुळात कोणी कोणाला निवडून येत नाही. एका मशीनवरून आयपीव्ही४चा सगळा पसारा पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतो, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप लिहून २०१३ मध्येच दाखवलं होतं. शोडान तर २००९ पासून इंटरनेटला उघडी असलेली उपकरणं शोधून त्यांची यादीच ठेवतं.

लॉग उघडला तर ओळींमागून ओळी. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशी नावं घेऊन कोणी ना कोणी एसएसएचवर पासवर्ड लावून बघत होतं. घाबरायचं सोडून मी ते मेव्हण्याला कौतुकाने दाखवलं, बघ, कुठकुठल्या देशांतून येतात! मग एसएसएचचा पोर्ट २२ चा २२२२ केला. ओळी एकदम कमी झाल्या आणि मी ती स्वतःची कर्तबगारी समजलो. कमी झाला होता तो फक्त गोंगाट.

खरं भोक दुसरीकडेच होतं. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल मी चालू केली होती, एसएसएच आणि फोटोंचं पान सोडून सगळं बंद. स्टेटसही तसंच सांगायचं. पण फोटोंसाठी मी इमिच वापरत होतो, ते डॉकरमध्ये चालतं आणि त्याच्यासोबत पोस्टग्रेसचा डेटाबेस असतो. आत काय साठतंय ते लॅपटॉपवरून बघायची हौस म्हणून मी डेटाबेसचा ५४३२ पोर्ट उघडा केला. युजर पोस्टग्रेस, पासवर्डही पोस्टग्रेस. डॉकर अशा पोर्टसाठी स्वतःचे नियम लिहितो आणि येणारी पाकिटं यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत जाण्याआधीच कंटेनरकडे वळतात. यूएफडब्ल्यूच्या यादीत याचा मागमूसही नसतो. हे डॉकरच्याच माहितीपत्रात लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

एका रात्री पंखा घोंघावायला लागला. ‘टॉप’मध्ये एक प्रोसेस सगळा सीपीयू खात बसलेली, आणि नाव अगदी कर्नेलच्या प्रोसेससारखं. सिस्टिमचंच काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. नंतर नीट पाहिलं, तर खऱ्या नावाच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं होतं. कोणीतरी माझ्या विजेवर क्रिप्टो नाणी काढत होतं. पोस्टग्रेसच्या सुपरयुजरला सर्व्हरवर कमांड चालवता येते. पासवर्ड ओळखला की पुढे काही फोडायची गरजच उरत नाही.

यानंतर मी जे केलं ते आधीच्या सगळ्यापेक्षा वाईट. ती प्रोसेस मारली. ती परत आली. पुन्हा मारली, कंटेनर रीस्टार्ट केला, पुन्हा आली. पोर्ट तसाच उघडा, पासवर्ड तोच, मग येणार नाही तर काय? आत आली कुठून, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. शेवटी भीतीने सिस्टिमची डिस्क फॉरमॅट करून टाकली.

फोटो दुसऱ्या डिस्कवर होते, ते वाचले. पण कोणत्या चेहऱ्याचं नाव काय, हे इमिच फोटोत लिहीत नाही, डेटाबेसात ठेवतं. सासूबाईंनी शेजारी बसून संगमनेरच्या वाड्यातल्या माणसांची जी नावं सांगितली होती ती सगळी गेली. पुन्हा विचारायला गेलो तर म्हणाल्या, “अहो, मागच्या दिवाळीत सांगितली की! आता वहीत लिहून घ्या.” घेतली.

आता स्टॅटिक आयपी बंद आहे. बाहेरून फोटो बघायचे तर भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरमार्गे वायरगार्डने येतो. त्याची जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. डेटाबेसचा डंप दर रविवारी निघतो आणि एक डिस्क बहिणीकडे असते.

एक गोष्ट मात्र राहिली. त्याच मशीनवर आमच्या पॅन-आधारचे स्कॅन होते. बायकोने विचारलं तेव्हा मी ठासून सांगितलं, नाणी काढणारे होते ते, कागदपत्रांना हात लावत नाहीत. एखाद्या शाखेच्या मॅनेजरने हेच उत्तर दिलं असतं तर मी पुरावा मागितला असता. माझ्याकडे तो नाही, कारण फॉरमॅट करताना लॉगही गेले. तिला हे अजून सांगितलेलं नाही.