तबला की ड्रम?

ड्रमर म्हटला की स्टूल आलंच. त्रिलोक गुर्टू मात्र चक्क खाली बसून ड्रम वाजवतो! शेजारी तबला, झांजा, घंटा आणि पाण्याची बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवली की सूर वाकतो (का ते फिजिक्सवाल्यांनी सांगावं).

हा १९५१ चा, मुंबईचा. आई ठुमरीवाल्या शोभा गुर्टू, मूळ बेळगावच्या. १९८४ मध्ये कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला, त्याच्या जागी 'ओरेगॉन' या अमेरिकन ग्रुपने त्रिलोकला घेतलं. पुढे जॉन मॅक्लॉफ्लिनच्या ट्रायोतही तो होता. मला मात्र १९८८ चा 'उस्फ्रेत' सगळ्यात जवळचा. डॉन चेरीच्या ट्रम्पेटशेजारी त्यात शोभाताई गातात. जॅझमध्ये जाताना पठ्ठ्याने आईलाही सोबत नेलं!

मी कॉन्व्हेंटच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो, घरी तेल्हाऱ्याला भजनात तबला. "दोन्हीतलं एक धर," आबांचा हट्ट. त्यांच्या लेखी ड्रम म्हणजे नुसता धिंगाणा. या दिवाळीत त्यांना 'उस्फ्रेत' ऐकवला. डोळे मिटून मांडीवर ठेका धरला त्यांनी. मग म्हणाले, "बाई लय सुरात हाय. पोट्ट्याले म्हणा, जरा हळू."

गॅदरिंगला तबला आणि ड्रम दोन्ही स्टेजवर नेतोय. बादली मेसवाले काका देणार आहेत.